बारावी पास, मग घरीच

गुरुवार, १२ जून

कॉलेजने बोलावलं होतं म्हणून गेले. दहा मिनिटांत आटोपलं. प्राचार्यांनी आधी चहा मागवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी चहा विचारलेला नाही.

"मॅडम, या वर्षी मराठीचे तास बसत नाहीत," म्हणाले. मी तासिका तत्त्वावरची, म्हणजे दर जूनला नवी नेमणूक आणि दर एप्रिलला नारळ. या खेपेला जून आला, नेमणूक आली नाही, एवढंच. निघताना म्हणाले, "तुम्हाला काय काळजी? डॉक्टरेट आहे तुमची. कुठंही घेतील."

ही डायरी मला साहित्य मंडळाने गेल्या वर्षी सत्कारात दिली होती. कोरीच पडली होती. आता वेळच वेळ आहे.

घरी आले तर बाबा ओट्यावर बसून जाळ्याचं भोक शिवत होते. "डाक्तर आली?" म्हणाले. पीएच.डी. झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, ते मला याच नावाने हाक मारतात. गावात कुणाला ताप आला की लोक मुद्दाम म्हणतात, जा रे काशिरामच्या पोरीकडे, सुई टोचंल. बाबांना त्याचं काही वाटत नाही. मलाच वाटतं.

सांगितलं त्यांना. सुई थांबली. मग म्हणाले, "मंग दुसरं बघ. तू काय कमी शिकलीस?"

सोमवार, १६ जून

पनवेलला एस.टी. स्टँडच्या मागे हितेशचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्ट फोटो. हितेश माझ्या पहिल्या तुकडीतला, अजून मला बघून उभा राहतो. त्याच्याकडून बायोडेटा करून घेतला. चार पानं झाली. बी.ए., एम.ए. प्रथम श्रेणी, सेट, पीएच.डी., मग शोधनिबंध, मग चर्चासत्रं. प्रबंधाचा विषय ठळक अक्षरात घेतला: पनवेल-उरण परिसरातील मिठागरांची शब्दसंपदा.

"मॅडम, चार पानं कोण वाचणार?" हितेश म्हणाला.

मी म्हटलं, ज्याला माणूस हवा असेल तो वाचेल. आज मला फार आत्मविश्वास होता असं दिसतं.

गुरुवार, ३ जुलै

खारघरची शाळा. काचेची इमारत. मुख्याध्यापिका माझ्याहून लहान असतील. बायोडेटा चाळला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आमच्यासाठी खूपच ओव्हरक्वालिफाइड आहात. सहावी-सातवीला शिकवाल आणि वर्षभरात सोडून जाल."

मी म्हटलं, "कुठे जाणार?"

त्यांना तो विनोद वाटला. हसल्या. मीही हसले.

मंगळवार, २२ जुलै

आज पाचवा नकार. नवीन पनवेलमधला एक क्लास. मालक पोरगेलासा, बी.एस्सी. झालेला, पण खोटं बोलला नाही हे कबूल करायला हवं. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? मला 'सर' म्हणणारी पीएच.डी. मला झेपणार नाही. बाकीचे शिक्षकही बुजतील."

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. माझ्या बाबतीत मीठ जास्त झालंय अशी सगळ्यांची तक्रार आहे, आणि तेही मिठागरवाल्याच्या मुलीला.

परतताना बसमध्ये ठरवलं की पीएच.डी. काढायची. ठरवलं तेव्हा काही वाटलं नाही. घरी येऊन जेवले, भांडी घासली, तेव्हाही नाही. आत्ता लिहिताना वाटतंय.

शुक्रवार, २५ जुलै

हितेशने दोनदा विचारलं, "नक्की ना मॅडम?" मग प्रबंधाची ओळ निळी केली आणि बटण दाबलं. सहा वर्षांचं काम, एक ओळ होती, गेली. खालचं 'सेट' एक ओळ वर सरकलं.

मी माझी तोंडी परीक्षा आठवत बसले. बाबा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले होते आणि सगळ्यात मागच्या रांगेत बसले होते. बाहेरच्या विद्यापीठाच्या परीक्षकांनी मला विचारलं, मीठ धरण्याआधी पाण्यावर पहिली पापडी येते, त्या पाण्याला तुमच्याकडे दोन नावं आहेत, त्यांत फरक काय? मला आठवेना. तर मागून बाबांचा आवाज आला. उभे राहून त्यांनी फरक सांगितला, वर हाताने पाणी ढवळून दाखवलं. परीक्षक म्हणाले, हे कोण? मी म्हटलं, माहितगार क्रमांक एक. सगळे हसले. त्या प्रबंधात साडेचारशे शब्द आहेत, त्यांतले तीनशे तरी बाबांच्या तोंडचे. आता आमच्या खाडीवर मिठागर उरलेलं नाही, भराव टाकून सपाट केलंय. ते शब्द त्या प्रबंधात आहेत आणि बाबांपाशी आहेत.

प्रबंध देव्हाऱ्याशेजारी लाल फडक्यात बांधलेला असतो. आई रोज त्यालाही उदबत्ती ओवाळते. मी हजारदा सांगितलंय, नको.

घरी कुणाला काही बोलले नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

पीएच.डी. काढून तीन ठिकाणी गेले. तिथे सेट आणि एम.ए. आडवे आले. परवा तेही काढले. आता नुसती बी.ए. राहिले. आज त्या बायोडेटावर एका पतपेढीत गेले, तर मॅनेजर म्हणतात, बी.ए. होऊन सोळा वर्षं झाली, या सोळा वर्षांत काय केलं?

याचं उत्तर तयार करायचं मला सुचलंच नव्हतं. एम.ए. केलं, सेट केली, संशोधन केलं, शिकवलं, पण हे सगळं तर मीच पुसलेलं. म्हटलं, थोडं शिकवत होते. कुठे? कागदावर का नाही? मी बायोडेटा परत मागून घेतला. त्यांना वाटलं असेल, बाई कुठेतरी काही घोटाळा करून आलीय.

तेल गेलं, तूप गेलं. धुपाटणंही धड हातात नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

हितेशकडे झेरॉक्सला गेले होते. म्हणाला, "बाबा आले होते काल. बराच वेळ बसले होते."

"कशाला?"

"असंच. रेशनकार्डाची झेरॉक्स." मग काउंटरवरचे कागद नीट करत राहिला. पोरगा हल्ली माझ्याशी नीट बोलत नाही. रिकाम्या बाईला जो तो टाळतो. एवढं मला कळतं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गणपतीला पाहुणे. उरणचे काका आले होते, त्यांचा जावई कुठल्यातरी बँकेत मोठ्या जागेवर. बाबांनी एकेकाची ओळख करून दिली. प्रणितची करून दिली: आमचा पोर, त्याचे दोन जेसीबी हायेत. मग माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही मोठी पोर, प्राची."

बस. पुढे काही नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

एरवी नको नको म्हणत असताना 'डाक्तर' करायचे. आज मला हवं होतं तर एक शब्द नाही. मग लक्षात आलं, आठवडाभर त्यांनी मला त्या नावाने हाकच मारलेली नाही. अडीच महिने घरात बसलेली डॉक्टर, तिची ओळख तरी काय म्हणून करून द्यायची? बाबा चिडत नाहीत, ओरडत नाहीत. त्यांना लाज वाटत असेल. मी आत जाऊन मोदकाच्या उकडीकडे बघत उभी राहिले. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, वाफ डोळ्यांत गेली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मिळाली.

कळंबोलीकडे एक मोठं गोदाम आहे, बँका आणि इस्पितळं आपल्या जुन्या फायली तिथे खोक्यांत भरून ठेवतात. खोक्यांची नोंद ठेवायला माणूस हवा होता. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: बारावी पास, जास्त शिकलेल्यांनी अर्ज करू नयेत. कुणीतरी मला ठरवून बाहेर ठेवायला लिहिल्यासारखं. म्हणून मी बी.ए.ही काढली. एका पानाचा बायोडेटा झाला आणि अर्धं पान कोरं राहिलं.

मुलाखत घेणाऱ्या हेतल मॅडम चांगल्या होत्या. "ट्वेल्थ नंतर काय केलं?"

"घरीच होते."

"मॅरेज?"

"नाही झालं. आईवडिलांकडे बघायचं होतं."

"ओके," म्हणाल्या आणि खूण केली. एकोणीस वर्षांचा प्रश्न एका खुणेत मिटला. पुरुष असते तर इतक्या सहज सुटले नसते. बाई घरी होती म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत घरी आले. घरी सांगितलं, एका कंपनीत कागदपत्रांचं काम आहे, माझ्याच विषयाचं. बाबा म्हणाले, "बरा झाला," आणि जाळं उचललं. साधं कसली कंपनी हेदेखील विचारलं नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

पहिला दिवस. पत्र्याचं छप्पर, रांगेने लोखंडी मांडण्या, वर खोकीच खोकी. खोक्यावर बँकेचं नाव, वर्ष आणि क्रमांक लिहायचा, तोच संगणकात घालायचा. माझ्यासोबत प्रमिला आहे, खोकी पुसते. डोंगराकडच्या ठाकूरवाडीतली. दुपारी डबा खाताना मला म्हणाली, "ताय, तू बारावी हायेस. आमच्या आख्ख्या वाडीत बारावीची येकच पोर हाय." आणि तिच्या डब्यातला सुका जवळा माझ्या पोळीवर घातला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्यावर धर्मराज साहेब आहेत. मराठवाड्याकडचे, पन्नाशीचे. इथे वॉचमन म्हणून लागले आणि रात्रपाळी करत मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले, मग सुपरवायझर. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर ते पदवी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, वर प्लॅस्टिकचा हार. माझं अक्षर बघून म्हणाले, "बारावीच्या मानाने फार शुद्ध लिहिता हो तुम्ही."

माझी प्रमाणपत्रं कपाटाच्या खणात, पिशवीत आहेत. त्यांच्या भिंतीकडे मला बघवत नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज उठावंसंच वाटत नव्हतं. अलीकडे रविवारी असं होतं. इतर दिवशी खोकी उठवतात.

दुपारी ओट्यावर आले तर दारावरची पाटी नाही. 'डॉ. प्राची काशिराम मोकल'. पितळेची होती, बाबांनी पनवेलहून करून आणलेली. स्वतःचं नाव अख्ख्या आयुष्यात कधी दारावर लावलं नाही, माझं लावलं. बाबांना लिहिता-वाचता येत नाही, सहीपुरतं येतं, पण त्या पाटीवर बोट ठेवून ते आल्यागेल्याला दाखवायचे, "हा डाक्तरचा डॉ, मंग पुढं नाव."

विचारलं, पाटी कुठे? म्हणाले, "काली पडलेली. पॉलिशला देयाची."

"कधी आणणार?"

"लगीन होऊ दे प्रणितचा."

लग्नाला घर रंगवतात, तोरणं बांधतात. आमच्याकडे पाटी काढतात. लग्नघरात चार लोक येणार, 'डॉक्टर' वाचणार आणि विचारणार, कुठे असते हो तुमची डॉक्टर? बाबांना उत्तर द्यावं लागेल. कळतंय मला. मीसुद्धा काढलंच की. पण त्यांनी काढलं तर इतकं का लागावं? मी स्वतः ओळीमागून ओळ पुसत गेले तेव्हा एवढं रडले नव्हते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

धर्मराज साहेबांनी आज टेबलाजवळ बोलावलं. वाटलं, सापडले. त्यांनी खणातून एक पुस्तिका काढली. मुक्त विद्यापीठाची, प्रवेशाची.

"प्राची, तू बी.ए. कर," म्हणाले. आता ते मला अगंतुगं करतात. "या वर्षीची मुदत गेली. पुढच्या जूनला भर. मी बेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं, तू तर अजून लहान आहेस. मराठी विषय घे, तुला सोपा जाईल."

मी पुस्तिका घेतली. थँक्यू सर म्हटलं. पहिल्या वर्षाच्या मराठीच्या पुस्तकाचं एकही प्रकरण मी लिहिलेलं नाही, पण ज्यांनी लिहिलंय त्यांना मी ओळखते.

खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. या माणसाशी तरी. पण हेतल मॅडमनी सही करून घेताना वाचून दाखवलं होतं: माहिती खोटी आढळल्यास तात्काळ कमी करण्यात येईल. आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून करण्याचं बळ माझ्यात आता नाही. खरंच नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

पत्रिका आल्या. लग्न सात डिसेंबरला. प्रणितने परस्पर वाशीहून छापून आणल्या, सोनेरी, उघडल्या की मधे गणपती उभा राहतो. बाबा म्हणत होते हितेशकडे छाप, पण प्रणित ऐकतोय कुठला. आत खालच्या बाजूला ठळक ओळ: 'करवली : डॉ. प्राची'.

"ताय, तुजं नाव बग कसं मोठं टाकलंय," प्रणित म्हणाला. त्याच्या मनात काही नाही, बिचाऱ्याच्या. सदतीस वर्षांची करवली, तीही डॉक्टर.

बाबांनी एक पत्रिका हातात घेतली आणि खूप वेळ बघत राहिले. त्या ओळीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "हलद मी लावीन. कोनी हात लावू नका."

आमच्याकडे पत्रिकेला हळदीकुंकू लावल्याशिवाय ती कुणाला देत नाहीत. ते काम बायका करतात, कोपऱ्यांना बोट लावून दोन तासांत उरकतात. बाबा सकाळी बसले ते संध्याकाळपर्यंत. वाटीत ओली हळद, शेजारी पत्रिकांचा ढीग. एकेक उघडायची, आत हळद लावायची, उघडीच वाळत ठेवायची. आई म्हणाली, "आवो, भायेर लावतात, आत कशाला लावताव?" त्यांनी मान वर केली नाही.

मी एक उचलून बघितली. हळद नेमकी माझ्या नावावर सांडलेली. 'डॉ.'चा पत्ताच नाही, नुसता पिवळा डाग, पुढे 'प्राची'. हात थरथरतो त्यांचा हल्ली. एवढ्या मोठ्या पत्रिकेत सांडायला दुसरी जागा मिळाली नाही. ठेवून दिली परत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज बाबा म्हणाले, "तुज्या सायेबाला आवतन देयाला हवा. मी येतो."

मी म्हटलं, गरज नाही, मी देईन.

"असा चालत नाय. ज्याच्या हाताखाली आपून काम करतो, त्याला घरच्या मोठ्यानं जाऊन बोलवायचा. नायतर तो आवतन नाय."

रिवाज मलाही माहीत आहे. पण पत्रिकेवर 'डॉ. प्राची' आहे. एकीवर हळद सांडली म्हणून काय सगळ्यांवर सांडणार? आणि बाबा तिथे जाऊन बोलणार, आमची पोर इतकी शिकलीय, तितकी शिकलीय. जुनी सवय. साहेब, हेतल मॅडम, प्रमिला, सगळ्यांसमोर. दोन दिवसांत घरी. म्हटलं, साहेब गावाला गेलेत. बाबांशी मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं सरळ खोटं बोलले. नाही, दुसऱ्यांदा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरा," म्हणाले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहायचंय. हात चालेल तोवर लिहिते.

अकराला वॉचमनने फोन केला, तुमचे वडील आलेत. खाली गेले तर बाबा आत पोचलेसुद्धा होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. तोंडी परीक्षेला आले होते तसेच. धर्मराज साहेबांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली होती. बाबा खुर्चीच्या कडेला बसले होते आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत होते.

मी दारातच थिजले. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पिशवीतून पत्रिका काढली, वर सुपारी आणि अक्षता ठेवल्या, दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरली. साहेबांनी कपाळाला लावून घेतली, उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. ते सगळंच मोठ्याने वाचतात. चि. प्रणित, चि. सौ. कां. अंकिता, मुहूर्त, स्थळ. मी एकेक ओळ मोजत होते. हेतल मॅडमही येऊन उभ्या राहिल्या.

"करवली..." साहेब थांबले. पत्रिका जवळ धरली. "हळद लागलीय इथे. प्राची. करवली, प्राची."

"म्हातारा हात," बाबा म्हणाले.

नशीब, म्हटलं.

मग साहेब म्हणाले, "बाबा, एक विचारू? राग नका मानू. मुलगी तुमची फार हुशार आहे. बारावीवर का थांबवलीत?"

आता बाबा सगळं सांगणार. मी पुढे झाले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमीच नाय शिकवली सायेब," ते म्हणाले. "आडानी मानसं. पोरीची जात, शिकून कुटं जायाची, असा इचार केला. तिची लय इच्छा व्हती. मीच बोललो, बस झाला."

माझे बाबा. पावसाळ्यात मला खांद्यावर घेऊन बांधावरून शाळेत सोडणारे. एम.ए.ला असताना शेवटच्या गाडीला उशीर झाला की फाट्यावर कंदील घेऊन उभे राहणारे. "पोरीला यवढं शिकवून काय करतो रे काशिराम" म्हणणाऱ्या सख्ख्या भावाशी तीन वर्षं न बोललेले. ते परक्या माणसापुढे सांगत होते की मी माझ्या पोरीला शिकू दिलं नाही. आणि साहेबांच्या तोंडावर मला दिसलं, त्यांना ते खरं वाटलं. असे बाप त्यांनी पुष्कळ पाहिले असणार.

"जाऊ द्या बाबा, अजून वेळ गेलेली नाही," साहेब म्हणाले. "मी तिला बी.ए.ची पुस्तिका दिलीय. तुम्ही फक्त आता नाही म्हणू नका."

बाबांनी हात जोडले. "तुमी शिकवा तिला. आमचा चुकला."

हेतल मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी उभी होते. एक शब्द बोलले नाही. बोलता आला असता. बाबांची इज्जत एका वाक्यात परत आणता आली असती, आणि मी माझी नोकरी धरून उभी राहिले. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी विसरले तर वाचता येईल.

साहेबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, वडिलांना नीट घेऊन जा म्हणाले. बसला गर्दी नव्हती. खांदा कॉलनी आली.

मग मी म्हटलं, "खोटं का बोललात?"

"नोकरी राह्यली ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हितेशनं. गनपतीच्या आदी." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोलला, म्याडम येकेक काडतात. मी म्हटला, काडतंय तर कायतरी कारन असंल. गोदामाचा पत्ता बी त्यानंच दिला."

गणपतीच्या आधी. म्हणजे ती पाहुण्यांची ओळख त्यानंतरची. पाटीही. तिथून पुढचं मी मनातल्या मनात उलटं मोजत गेले आणि मोजता मोजता मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. आत अजून दहाबारा पत्रिका होत्या, वाटेतल्या घरांना द्यायच्या. एक उघडली. दुसरी उघडली. सगळ्या उघडल्या. प्रत्येकीत, त्याच ओळीवर, त्याच जागी अंगठ्याचा पिवळा ठसा. कुठे एक रेघ इकडेतिकडे नाही. 'डॉ.' तेवढं झाकलेलं, 'प्राची' स्वच्छ. सातशे पत्रिका. हात मुळीच थरथरला नव्हता.

"हलद सुब असते," बाबा म्हणाले.

मी रडत होते. समोरची बाई बघत होती, बघू दे. मग बाबांनी विचारलं, "तो सायेब बोलतो तो बी.ए. किती वर्साचा?"

"तीन."

अंगठा बोटाच्या पेरांवर टेकवत ते मोजायला लागले. एवढी वर्षं मला कळलं नव्हतं की त्यांना हे सगळं पाठ आहे. "बी.ए. तीन. मंग यम.ए. दोन, पाच. मंग ती शेट, येक वरीस, सा. मंग तुजा तो लाल फडक्यातला, त्याला सा." शेवटच्या पेरावर अंगठा थांबला. "बारा."

"बाबा, ते परत नाही करावं लागत. ते आहे माझ्याकडे. फक्त कागदावरून काढलंय."

"कागदावरनं काडला मंग राह्यला कुटं?" त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं.

"बारा," ते पुन्हा म्हणाले. "मना तवर किती व्हतील?"

बाबांचं आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. मी हिशेब केला. "शहाऐंशी."

पनवेल आलं. लोक उठायला लागले. बाबांनी पत्रिका एकेक करून पिशवीत परत ठेवल्या, हळद पुसणार नाही अशा बेताने. मग टोपी नीट केली.

"व्हईल," म्हणाले.